तेल कुठून येतंय? जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या एका टर्बो गाडीचं प्रकरण

गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली तेव्हा निदान तिच्यासोबतच आलं होतं. वाटेतल्या एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने छापील कागदावर लिहून दिलं होतं की टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला आहे, बदलावा. खाली टर्बोची किंमत, पाइप-गॅस्केटचा खर्च आणि मजुरी. गाडीचा मालक असलेल्या पोराने तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला होता. माझ्या हातात देताना तो एवढंच म्हणाला, "काका, गाडी तेल पी राहिनी." टर्बो जळगावात थोडा स्वस्तात बसेल का, हा त्याचा खरा प्रश्न होता.

गाडी म्हणजे एक लिटरची, तीन सिलिंडरची, डायरेक्ट इंजेक्शनवाली टर्बो पेट्रोल हॅचबॅक. चार वर्षांची, ४१ हजार किलोमीटर चाललेली. मालक धरणगावकडच्या जिनिंगवाल्या घरातला. मिलचा हिशेब तोच बघतो, आणि गाडी दिवसभर मिलच्याच आवारात उभी असते. ही शेवटची गोष्ट मी त्या वेळी ऐकून सोडून दिली. ती पुढे कामाला आली.

मी आधी बॉनेट उघडलं नाही. चहा मागवला आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. पाना हातात घेण्याआधी अर्धा तास ऐकण्यात गेला तर तो वाया जात नाही, असा माझा अनुभव आहे.

जानेवारीत तो मित्रांसोबत कोईमतूरला गेला होता. तिथे कारी मोटर स्पीडवे हा २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे, त्यावर स्वतःची गाडी पळवायला मिळते. वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या ठरल्या होत्या. जाण्याआधी दोन महिने त्याने इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये ताकद वाढवणारा नवा मॅप, म्हणजे पेट्रोल, ठिणगी आणि दाबाचा हिशेब, टाकून घेतला होता. मॅप टाकणाऱ्याने ९७ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं, म्हणजे अवेळी सहज न पेटणारं, पेट्रोलच वापरायला बजावलं होतं. घरापासून बेंगळुरूपर्यंत त्याने ते पाळलं. ट्रॅकच्या आदल्या रात्री मात्र जवळच्या पंपावर साधं पेट्रोल भरलं, कारण तिथे दुसरं नव्हतं.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी गाडी झटके देऊ लागली आणि इंजिनचा दिवा लुकलुकला. पिटमध्ये येऊन अर्धा तास थांबल्यावर दिवा स्थिर झाला. मित्र म्हणाले सेन्सर असेल. तो तिसऱ्या फेरीलाही उतरला.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण हे फार जणांना माहीत नसतं. इंजिनचा दिवा स्थिर पेटला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे जातंय, ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या जाळीत, जळून तिला वितळवू शकतं, आणि बहुतेक वेळा आत काहीतरी जोरात बिघडत असतं. लुकलुकणाऱ्या दिव्याला एकच उत्तर आहे. पाय उचला आणि बाजूला घ्या.

परतीचा रस्ता दीड हजार किलोमीटरच्या आसपास. त्यात त्याने तीन लिटर तेल टाकलं, त्यातलं एक लिटर ढाब्याशेजारच्या दुकानातलं, ट्रकसाठीचं घट्ट तेल. मागून निळा धूर, पिकअप कमी, उभ्या गाडीत थरथर. वाटेतल्या वर्कशॉपने इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणाऱ्या जाळीचा, पाइप काढला, आत तेल सापडलं, आणि कागद तयार झाला.

त्या वर्कशॉपवर माझा राग नाही. निळा धूर आणि इंटरकूलरच्या पाइपमध्ये तेल, ही जोडी पाहिली की दहापैकी बरेच मेकॅनिक टर्बोकडेच बोट दाखवतात. टर्बोच्या दांड्याला दाबाचं तेल लागतं, सील गेलं तर ते तेल हवेच्या पाइपात येतं, हे खरंच आहे. पण पाइपात तेल यायला दुसरीही वाट आहे, आणि ती जास्त वाहती असते. पिस्टनच्या बाजूने निसटलेला वायू चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या भागात, उतरतो. तो बाहेर सोडता येत नाही म्हणून ब्रीदरच्या नळीने पुन्हा हवेच्या पाइपात, टर्बोच्या आधी, आणून सोडलेला असतो. पिस्टनभोवतीच्या रिंगांतून निसटणारा वायू वाढला की तो सोबत तेलाची वाफ घेऊन येतो, टर्बो ते सगळं ओढतो आणि इंटरकूलरमध्ये भरतो. म्हणजे तेल टर्बोतून आलेलं असतं, पण टर्बोचं नसतं.

हे ओळखायला फक्त एक पाइप जास्त काढावा लागतो. वर्कशॉपने टर्बोच्या पुढचा पाइप काढला होता. मी मागचा काढला, एअर फिल्टरकडून टर्बोत येणारा. तोही आतून तेलाने ओला होता, आणि ओल ब्रीदरच्या नळीच्या तोंडापासून सुरू होत होती. टर्बोचं सील कितीही फुटलं तरी वाऱ्याच्या उलट दिशेने तेल फेकणार नाही. टर्बोच्या चाकाला बोटाने हलवून पाहिलं. आजूबाजूला थोडी खेळ होती, ती तेलावर तरंगणाऱ्या दांड्याला असतेच. मागे-पुढे जाणवण्याइतकी खेळ नव्हती. पात्यांची टोकं कोरी, घराला कुठे घासल्याची खूण नाही.

मग हातमोजा. तेल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवला आणि इंजिन आयडलला चालू केलं. चांगल्या इंजिनात चेंबरमध्ये थोडी ओढ असते, मोजा आत खेचला जातो. हा फुगला. पाच बोटं ताठ होऊन वर आली. पारदर्शक नळीत पाणी भरून दाब मोजला तेव्हा पाण्याची पातळी १२ सेंटीमीटर वर ढकलली गेली होती. चेंबरमध्ये एवढा दाब असेल तर टर्बोतून खाली ओघळणाऱ्या तेलालाही वाट मिळत नाही, कारण ते फक्त उतारानेच परत येतं. नवा टर्बो बसवला असता तर त्यानेही आठवड्याभरात धूर काढला असता.

आता प्रश्न उरला की कुठला सिलिंडर, आणि किती.

स्कॅनरवर पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर मिस मारतोय, त्यातलं मिश्रण नीट पेटत नाही. कोड पुसण्याआधी मी नेहमी त्याच्यासोबत साठवलेली नोंद वाचतो. बरेच जण कोड पाहतात आणि पुसून मोकळे होतात. पहिला दोष उमटला त्या क्षणी इंजिन ५,८६० आरपीएमवर होतं, लोड शंभर टक्के, पाण्याचं तापमान १०८ अंश, आणि इंटरकूलरमधून बाहेर पडून इंजिनात शिरणारी हवा ७९ अंश. हा शेवटचा आकडा मी वहीत गोल करून ठेवला.

ठिणगी पाडणारे कॉइल आणि प्लग पहिल्या सिलिंडरशी अदलाबदल केले. मिसिंग तिसऱ्यातच राहिलं. तिसऱ्याचा प्लग तेलकट होता, पण तो पुसून भिंगाखाली धरल्यावर पांढऱ्या चिनीमातीवर खसखशीच्या दाण्याहून बारीक चंदेरी ठिपके दिसले. दुसऱ्याच्या प्लगवरही दोन-तीन होते. हे ॲल्युमिनियम. पिस्टनच्या माथ्यावरचं ॲल्युमिनियम उडून प्लगला चिकटलं की समजायचं, आत नॉकिंग झालंय, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून धक्के बसलेत, आणि ते किरकोळ नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, गरम इंजिनवर, थ्रॉटल पूर्ण उघडून, इंजेक्टर बंद करून घेतलं. पहिला १२.८ बार, दुसरा १२.४, तिसरा ७.१. तिसऱ्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा घेतलं तर ८.९. तेलाने आकडा थोडा चढला म्हणजे गळती रिंगांकडे असण्याची शक्यता, पण पूर्ण चढला नाही म्हणजे नुसती रिंग झिजलेली नाही. लीकडाउन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती निसटते ते मोजल्यावर, पहिल्या दोघांची गळती ९ आणि ११ टक्के आली, तिसऱ्याची ४६. हवा सोडून कान लावत फिरलो. सायलेन्सरला शांत, थ्रॉटलला शांत, रेडिएटरमध्ये एकही बुडबुडा नाही. तेलाच्या झाकणाशी मात्र सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा फसफस आवाज. व्हॉल्व्ह चांगले, हेड गॅस्केट चांगलं, गळती पिस्टनच्या बाजूने.

प्लगच्या भोकातून कॅमेरा आत सोडला. पहिल्या पिस्टनवर काळा कोरडा कार्बन. तिसऱ्यावर एका कडेचा कार्बन तेलाने धुतला गेलेला, आणि त्या कडेला वाळूने मारल्यासारखे बारीक खड्डे. सिलिंडरच्या भिंतीवर दोन उभे ओरखडे, पण होनिंगच्या, म्हणजे भिंत दगडाने घासताना उमटलेल्या, तिरक्या रेषा अजून दिसत होत्या. तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या रॉकेलने पांढऱ्या फडक्यावर धुतल्या. फडकं चमकलं. चुंबकाला काहीच चिकटलं नाही, बेअरिंगमधल्या तांब्याचा रंग कुठे नाही. म्हणजे पिस्टन झडतोय, बेअरिंग अजून वाचलेली आहेत.

इथपर्यंत एकही मोठा बोल्ट उघडला नव्हता. संध्याकाळी पोराचे वडील आले. अण्णांनी आधी वर्कशॉपचा कागद पाहिला, मग माझी वही. टक्के आणि बार यांनी त्यांचं समाधान होत नव्हतं, आणि ते बरोबरही होतं. पैसे त्यांचे, आणि कागदावरचा टर्बो माझ्या अंदाजापेक्षा स्वस्त. मी त्यांना झाकणाशी कान लावायला सांगितलं आणि पहिल्या सिलिंडरमध्ये हवा सोडली. मग तिसऱ्यात. मग इंजिन चालू करून हातमोजा बसवला. तो फुगताना पाहून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इंजिन गयं का मंग?" मी म्हटलं, "अण्णा, एक पिस्टन नक्की गेलाय. बाकीचं उघडल्यावर सांगतो, पण ते का गेलं हे कळल्याशिवाय मी नवीन बसवणार नाही."

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काढलं, चेंबर काढलं, तिसरा पिस्टन वर ओढला. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली पट्टी, जिला आपण रिंग लँड म्हणतो, ती बोटाच्या पेराएवढ्या लांबीत तुटली होती. तुकडा जागेवरच अडकून राहिला होता, म्हणून सिलिंडर वाचला. ओरखडे नखाला लागत नव्हते. लेथवाल्याकडे बोअर गेजने मोजल्यावर झीज कंपनीच्या मर्यादेत निघाली, हलक्या होनिंगवर भागलं. बाकी दोन पिस्टन वरून धडधाकट दिसत होते. तरी मी त्यांना लाल डाय लावून, पुसून, पांढरी पावडर मारली. पहिला स्वच्छ. दुसऱ्यावर त्याच पट्टीच्या मुळाशी केसासारखी लाल रेघ, म्हणजे तडा, उमटली. आणखी एक ट्रॅक किंवा भुसावळचा एक मे महिना, आणि तोही गेला असता. तिन्ही पिस्टन बदलले.

ही पट्टी तुटते कशी ते सांगायला हवं. ठिणगी पडल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण प्लगपासून कडेकडे जळत जायला हवं. हवा फार गरम असेल, दाब फार असेल किंवा पेट्रोलचा ऑक्टेन कमी असेल, तर ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण एकदम पेटतं. त्या धक्क्याचा आवाज म्हणजे नॉक. तो धक्का पिस्टनच्या कडेला बसतो, आणि पहिल्या रिंगेखालची पट्टी तिथला सगळ्यात नाजूक भाग. ॲल्युमिनियम तापलं की आधीच नरमलेलं असतं. कॉम्प्युटर नॉक सेन्सरने हे ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकून स्वतःला वाचवायला बघतो, पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ताकदीच्या मॅपमध्ये ती मर्यादा आधीच ताणलेली असते.

मॅप आणि साधं पेट्रोल, ही दोन कारणं पोराच्या तोंडूनच मिळाली होती. पण माझ्या वहीतला ७९ चा गोल सुटत नव्हता. जानेवारीतल्या कोईमतूरमध्ये दुपारी हवा ३० अंशांच्या आसपास. ट्रॅकवर जोरात पळणाऱ्या गाडीत समोरून भरपूर वारा लागत असताना इंटरकूलर हवेपेक्षा पंधरा-वीस, फार तर पंचवीस अंश वर ठेवील. जवळपास पन्नास नाही. मी त्याला विचारलं, फोनमध्ये काही नोंद आहे का. त्याने स्कॅनरचं छोटं डोंगल लावून फेऱ्यांचा सगळा डेटा घेतला होता, व्हिडिओवर आकडे दाखवायला. त्या नोंदीत सगळं होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या चकरीला आत येणारी हवा ४८ अंश, आठव्याला ७९. तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी आधी ३ अंश मागे, आठव्याला ९ अंश मागे (हे अंश तापमानाचे नाहीत, इंजिनच्या फिरण्याचे; म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा). दुसऱ्या सिलिंडरची ६. दर चकरीला आकडा चढत गेला आणि कुठेच उतरला नाही. इंटरकूलर उष्णता बाहेर टाकतच नव्हता.

बंपर काढला. इंटरकूलरचा पुढचा चेहरा राखाडी आणि मऊ होता. हात लावला तर गादीतल्या जुन्या कापसासारखा थर. रुईचे तंतू, सरकीची लव, आवारातली धूळ, सगळं पट्ट्यांच्या फटींत दाबून बसलेलं. हंगामात जिनिंगच्या आवारात हवेत कायम तंतू उडत असतात. गाडी तिथे दिवसभर उभी, संध्याकाळी निघाली की पुढून ओढून घेते. वरून बंपरच्या जाळीतून पाहिलं तर काहीच दिसत नाही, कारण जाळी रुंद आहे आणि इंटरकूलर खाली मागे आहे. मी तो काढून उजेडासमोर धरला. मधून उजेड येतच नव्हता, फक्त दोन कडांनी रेघा दिसत होत्या.

आपल्या भागातल्या ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रवाल्यांना हे पाठ असतं, ते रेडिएटर रोज फुंकतात. कारवाल्यांना कुणी सांगत नाही. रोजच्या गावातल्या धावण्यात याचा त्रासही होत नाही, कारण टर्बो पूर्ण दाबावर काही सेकंदच जातो आणि मधल्या वेळात सगळं थंड होतं. ट्रॅकवर वीस मिनिटं तो वेळच मिळत नाही. आणि पुढे तेल इंटरकूलरमधून इंजिनात येऊ लागलं की नॉकिंग आणखी वाढतं, कारण तेलाची वाफ ऑक्टेन खाली ओढते. म्हणजे तिसऱ्या फेरीत बिघाड स्वतःलाच वाढवत होता.

इंजेक्टरपैकी एखादा कमी पेट्रोल देत असेल ही शंका राहू नये म्हणून तिन्ही तपासून घेतले, सारखे निघाले. कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरच्या भोकात गेज लावून मागचा दाब पाहिला, तो कमी होता, जाळी वितळलेली नव्हती. पोराचं नशीब.

काम: तीन पिस्टन, रिंगा, होनिंग, बिग एंड बेअरिंगचा सेट (तिसऱ्याचा वरचा शेल जास्त चमकलेला होता), हेड गॅस्केट, हेडचे नवे बोल्ट, कारण हे ताणून बसवले जातात आणि दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. टर्बो तोच राहिला, फक्त त्याची तेलाची नळी स्वच्छ केली. इंटरकूलर मागच्या बाजूने मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या हवेने साफ केला. प्रेशर वॉशर मारला तर पट्ट्या आडव्या पडतात आणि आहे तेही बंद होतं. आतून धुऊन तेल काढलं. पुन्हा उजेडासमोर धरला तेव्हा जाळीतून सारखा उजेड आला. मॅप कंपनीचा परत टाकला. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, एपीआय एसपी दर्जाचं. ट्रकच्या तेलाबद्दल पोराला स्पष्ट सांगितलं: छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमला जोर दिला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि तेलातली काही डिटर्जंट तो वाढवतात. या इंजिनांसाठीचं तेल वेगळं बनवतात ते याचसाठी.

बिल कागदावरच्या टर्बोपेक्षा जास्त झालं. अण्णांनी ते एकरकमी दिलं.

पाचशे किलोमीटर हलक्या पायाने चालवून तेल बदललं. मग आम्ही दोघं चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढलो, तिसऱ्या गिअरमध्ये, फोनवर तीच नोंद चालू ठेवून. घाट आणि ट्रॅक एकसारखा नाही, आणि मॅपही आता साधा आहे, म्हणून दोन आकड्यांची सरळ तुलना मी करत नाही. पण बाहेर ३४ अंश असताना आत येणारी हवा ५२ च्या वर गेली नाही, आणि वर सपाटीला लागल्यावर दोन मिनिटांत ४३ वर उतरली. हेच उतरणं आधीच्या नोंदीत कुठे नव्हतं. तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी जास्तीत जास्त दीड अंश मागे गेली.

घाटावर थांबल्यावर त्याने विचारलं की पुन्हा ट्रॅकवर जाता येईल का. मी जा म्हटलं. टाकीत योग्य पेट्रोल, तेल वरच्या खुणेपर्यंत, चार-पाच चकरांनंतर एक सावकाश चकरी, म्हणजे टर्बोतलं तेल दांड्याशीच जळून कोळसा होणार नाही. स्क्रीनवर आत येणाऱ्या हवेचा आकडा समोर ठेवायचा, साठ ओलांडला की बाहेर. आणि जाण्याआधी बंपर काढून इंटरकूलर उजेडाला धरायचा.

गाडी आता मिलच्या आवारात नाही, रस्त्यापलीकडच्या घरासमोर उभी असते. एक हजार किलोमीटर झाल्यावर तो पुन्हा आला. डिपस्टिकवर तेल होतं तिथेच होतं. इंजिन आयडलला चालू ठेवून झाकण काढलं, हातमोजा बसवला. पाचही बोटं आत ओढली गेली.